लाल कापड आणि खोपोली लोकल

उपासनेची वेळ पाळकसाहेब ठरवतात असा कुणाचा समज असेल, तर त्यानं कर्जत-खोपोली गाड्यांचं वेळापत्रक एकदा हातात घेऊन बघावं. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. एवढासा फाटा, त्यावर गाड्या मोजक्या, आणि त्यात रविवारचा मेगाब्लॉक. आमचे पाळकसाहेब कल्याणहून येतात. त्यामुळे प्रारंभीची प्रार्थना कधी होणार हे कल्याणचा इंडिकेटर सांगतो आणि उपदेश कुठे संपणार हे खोपोलीहून सुटणारी परतीची गाडी. पवित्र आत्म्याला मधल्या वेळात आपलं काम उरकावं लागतं.

मंडळी म्हणजे तरी किती, शाळेचा एक वर्ग जेमतेम भरतो. रविवारी तो वर्ग आम्हाला मिळतो. मास्तरांचं टेबल ती वेदी, आणि फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असतात. आम्हाला इथे आणलं ते रेल्वेनं आणि कारखान्यांनी. नगरचे अण्णा रेल्वेतून निवृत्त झाले. त्यांचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं. १८१३ साली मुंबईत उतरून पुढे १८३१ मध्ये नगरला ठाण मांडलेलं ते मिशन साध्या बैठकीचं, त्याला झगे-मेणबत्त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. गुंटूरच्या अम्मा मुलाच्या नोकरीमागे आल्या. त्यांच्याकडे १८४२ पासून लूथरन परंपरा, सगळं कसं रीतसर. खालापूरकडच्या पोलादाच्या कारखान्यात असलेला दादा रांचीचा, तोही लूथरन, पण गोस्नर मिशनचा. तिथे १८४५ साली जर्मन मिशनरी पोचले होते. हे मिशनांचं जुनं राजकारण मला पाठ झालंय, कारण मी आमच्या कमिटीची इतिवृत्तं लिहिते आणि दर बैठकीत प्रत्येक जण आपल्या पणजोबांपासून सुरुवात करतो.

नाताळची बैठक सोपी असते. गव्हाण, मेंढपाळ, शाळकरी देवदूत, करंज्या, चिवडा. भांडण झालंच तर देवदूताच्या पंखांवरून. पुनरुत्थानाच्या सणाला पहाटे उठायचं एवढाच प्रश्न. खरी कसोटी लागते ती ऑक्टोबरअखेर, धर्मसुधारणेच्या दिवशी. ३१ ऑक्टोबर १५१७ ला मार्टिन लूथर नावाच्या संन्याशानं पापक्षमेच्या चिठ्ठ्यांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे काढले. ते विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर खिळ्यानं ठोकले की नाही यावर अभ्यासक अजून वाद घालतात. माइन्झच्या आर्चबिशपला त्या तारखेला पत्रासोबत धाडले हे मात्र पक्कं. ९५ मुद्दे! आमच्या कमिटीत हा माणूस असता तर अण्णांनी ते सगळे 'ऐनवेळचे विषय' यात ढकलून चहा मागवला असता.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली. सण अलीकडच्या रविवारी घ्यायची रीत आहेच, म्हणजे २७ तारीख. दुसऱ्या दिवशी वसुबारस. अर्ध्या बायका चकल्यांच्या ऑर्डरीत, खेड्यांकडचे सगळे भातकापणीत. वर विधानसभेची आचारसंहिता लागलेली, म्हणून खिडकीबाहेर तोंड करून ठेवायचा तो एकुलता एक स्पीकर आत घ्यायचा ठराव झाला. त्याला अनुमोदन मिळायला अजिबात वेळ लागला नाही.

बाकी सगळ्याला लागला. कारण गेल्या वर्षीचा कागद.

हा कागद म्हणजे उपासनाक्रमाची झेरॉक्स. कुठलं गीत, कुणी वाचायचं, उभं कधी राहायचं, दान कधी गोळा करायचं. नवं काही सुचवलं की कुणीतरी चष्मा लावून तो कागद उलगडतं आणि म्हणतं, "गेल्या वर्षी असं नव्हतं." त्यावर बोलणंच खुंटतं. त्याच्या दोन वर्षं आधी टायपिंगच्या चुकीनं विश्वासांगीकार दोनदा छापला गेला होता. आदल्या वर्षी तो आम्ही भक्तिभावानं दोनदा म्हटला. आणि हे कुणाच्या नावानं? लूथरनं १५२६ साली जर्मन भाषेतली उपासना छापली तेव्हा प्रस्तावनेतच विनवून ठेवलंय की याचा कुणी कायदा करू नका, कुणाच्या सदसद्विवेकाला यानं बांधू नका. मी हे बैठकीत सांगितलं. अम्मा शांतपणे म्हणाल्या, "पण गेल्या वर्षी सांगितलं नव्हतं तुम्ही."

त्याच छापील पुस्तिकेत तो पुढे म्हणतो की झगे, वेदी, मेणबत्त्या राहू द्याव्यात, झिजून संपेपर्यंत किंवा बदलावंसं वाटेपर्यंत. हे वाक्य सांगण्यात मात्र माझी चूक झाली असं सगळ्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. अण्णांनी त्यातलं 'संपेपर्यंत' उचललं, अम्मांनी 'राहू द्याव्यात'. आणि तिथून लाल कापडाचा विषय निघाला.

लूथरन रीतीत वेदीवरच्या कापडाचा रंग काळाप्रमाणे बदलतो. नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, उपवासकाळात जांभळा, साध्या रविवारांना हिरवा. पुनरुत्थानानंतरच्या पन्नासाव्या दिवशी आणि धर्मसुधारणेला लाल, पवित्र आत्म्याच्या अग्नीचा. आमच्याकडे होतं एकच, पांढरं, आणि तेही मूळचं टेबलक्लॉथ. अम्मांनी त्या वर्षी हट्टच धरला. अण्णा म्हणाले, नगरला आमच्या आजोबांच्या काळापासून वेदीवर बायबल आणि फुलदाणी याखेरीज काही नसे, आणि देवानं कधी तक्रार केली नाही. शेवटी मतदान न होता मला बाजारात पाठवायचं ठरलं. आमच्याकडे वाद मिटवायची हीच पद्धत आहे.

दिवाळीच्या तोंडावर खोपोलीच्या बाजारात लाल कापड मागणं म्हणजे समुद्रावर जाऊन मीठ मागणं. लालच लाल. पण प्रत्येक लालावर काहीतरी होतं. एकावर जरीची कमळं, एकावर सोनेरी पावलं, एकाच्या काठानं ओळीनं 'शुभ लाभ'. दुकानदार एकेक उलगडून दाखवत होता आणि मी 'साधं द्या, साधं' म्हणत होते. "ताई, सणाला साधं कोण नेतं?" त्याचा प्रश्न रास्त होता. अखेर मागच्या फळीवरून अस्तराचं लाल पॉपलीन निघालं, घडीवर धूळ बसलेलं. ते घेऊन शिंप्याकडे गेले. त्याच्या मशीनभोवती ब्लाउजचे ढीग लागले होते. दातात टाचणी धरूनच त्यानं विचारलं, "कुठल्या देवीला?"

देवीला नाही, म्हटलं, चर्चमधल्या टेबलाला. एका जर्मन साधूचा सण आहे.

"साधूला लाल? भगवं नाय का लागत?"

मी अग्नी, पवित्र आत्मा वगैरे समजावायला लागले, तोवर त्यानं काठ मुडपून शिवायला घेतलं होतं. चारही बाजूंनी सरळ टीप, कोपरे नीट काटकोनात. पैसे देताना म्हणाला, "पुढल्या टायमाला झालर लावून देतो. उठून दिसंल."

गीतांचा प्रश्न त्याहून अवघड. १५२४ साली लूथरन गीतांची पहिली पुस्तिका निघाली. तीत अवघी आठ गीतं होती, त्यांतली चार त्याची. लोकांनी आपल्या भाषेत, आपल्या तोंडानं गावं ही त्याची हौस. आपल्याकडे ही हौस खऱ्या अर्थानं फेडली ती नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर ते नगरला राहिले, आणि मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग, ओवी, भजन आलं. 'उपासना संगीत' उघडलं की टिळक भेटतातच. म्हणून अण्णांचं म्हणणं, लूथर पाळायचा तर टिळक गा. अम्मांचं म्हणणं, लूथर पाळायचा तर लूथर गा. मला दोघंही बरोबर वाटतात, त्यामुळे माझं मत कुणी विचारत नाही.

लूथरचं या दिवशीचं गीत ठरलेलं आहे, देवाला बळकट गड म्हणणारं. स्तोत्र ४६ वरून त्यानं ते रचलं. कडवी चार. अम्मांना चारही तेलुगूत पाठ, दादाला हिंदीत. दोघं एका चालीवर दोन भाषांत एकदम गायला लागले की पेटीवाले भाऊ भाता सोडून नुसते ऐकत बसतात. दादाला मांदर हवा असतो, तो इथे मिळत नाही, म्हणून तो ढोलकीची समजूत घालत बसतो. तडजोड अशी झाली की लूथरच्या चालीत पहिलं कडवं ज्याला ज्या भाषेत येतं त्या भाषेत, आणि पुढे तेच स्तोत्र अण्णांनी भूपात बसवलेल्या भजनी चालीत. उरलेल्या तीन कडव्यांचं काय, यावर अम्मांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

गडाचं गीत गडांच्या मुलखात गायचं तर दाखले फुकट मिळतात, असं पाळकसाहेबांना वाटलं होतं. त्यांनी बैठकीतच उपदेशाची रूपरेषा सांगितली. कोथळीगड, तो उभा सुळका, पोटातून कोरलेल्या पायऱ्या, असा आपला देव. आंबिवलीकडून येणारा एक तरुण मागच्या बाकावरून म्हणाला, "साहेब, तो १६८४ ला फितुरीनं पडला."

"बरं, मग राजमाची घेऊ."

"ती १८१८ ला इंग्रजांनी घेतली."

"माहुली?"

"पुरंदरच्या तहात दिली."

रविवारी सकाळच्या गाडीत पाठपिशव्या लावलेली निम्मी मुंबई याच गडांवर निघालेली असते, त्यांतल्या कुणाला हे एवढं तोंडपाठ नसेल. पाळकसाहेबांनी डायरी काढली आणि बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. पडणाऱ्या गडांवरच उपदेश झाला, आणि चांगला झाला.

वाचनं मात्र ठरलेलीच असतात. यिर्मया ३१, रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय, योहानाच्या आठव्या अध्यायातला स्वातंत्र्याचा भाग. स्तोत्र वाचायचं होतं आमच्यातल्या एका मावशीला. त्या चौक गावच्या. स्तोत्राच्या सुरुवातीलाच पृथ्वी हलते, डोंगर ढळून समुद्रात जातात, तरी भ्यायचं नाही, असं येतं. मावशी म्हणाल्या, हे मला एका दमात वाचता येणार नाही. इर्शाळगडाखालची वाडी त्यांच्या रोजच्या नजरेतली. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर तिच्यावर आला तेव्हा खालापूर तालुक्यात कुणाला झोप लागली नव्हती. बैठकीत कुणीच पणजोबा काढले नाहीत. त्या ओळीनंतर वाचन थांबवायचं, वाडीसाठी प्रार्थना करायची, मग पुढे वाचायचं, असं मी कागदावर लिहिलं. गेल्या वर्षीच्या कागदात हे नव्हतं, आणि ते कुणी काढलंही नाही.

भाताचा मुद्दा शेवटी आला. कापणी चालू आहे, तर पिकाची उपकारस्तुतीही याच दिवशी उरकून घ्यावी, एका खर्चात दोन सण. मला ही काटकसर जरा खटकली, पण कर्जतच्या भाताला कोण नाही म्हणणार? इथल्या संशोधन केंद्रानं गावाच्या नावाचे वाण काढलेत. नव्या भाताच्या लोंब्यांची एक पेंढी वेदीवर ठेवायचं ठरलं. हिरव्यापिवळ्या लोंब्या लाल पॉपलीनवर इतक्या शोभल्या की अण्णा दोनदा जवळ जाऊन पाहून आले, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्म्यानं. कापडाबद्दल काही बोलले नाहीत. दाण्यांची तूस मात्र कापडभर झाली, आणि ती पॉपलीनमधून निघता निघत नाही हे आम्हाला नंतर कळलं.

रविवार नेहमीसारखा गेला. मेगाब्लॉक होताच. पाळकसाहेब आले तेव्हा आम्ही दोन गीतं जास्तीची म्हणून टाकली होती. एका उमेदवाराची रिक्षा खिडकीखाली थांबून बराच वेळ विकासाबद्दल बोलली, नेमकी स्वातंत्र्याच्या वाचनाला. उपदेशाच्या शेवटाकडे सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे गेले आणि आशीर्वाद दारातच झाला. विश्वासांगीकार या खेपेला कागदावर एकदाच छापला होता. सवयीनं मागच्या दोन बाकांनी दुसऱ्यांदा सुरू केला, आणि मग बाकीच्यांनीही केला.

सलाम करून निम्मे लोक स्टेशनाकडे धावले. उरलेल्यांनी चहा घेतला. कापडाची घडी घालताना अम्मांनी विषय काढला की १ डिसेंबरला आगमनकाळाचा पहिला रविवार, त्याचं कापड आत्ताच ठरवलेलं बरं. जुनी रीत जांभळ्याची. पण बऱ्याच लूथरन मंडळ्या आता निळा वापरतात, आशेचा रंग म्हणून. दादाला निळा पसंत, अम्मांना जांभळाच. मी नाइलाजानं वही पुन्हा उघडली. अण्णांनी मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच, कापडाच्या बाजूनं तोंड उघडलं.

"निळाच घ्या," ते म्हणाले. "सहा डिसेंबर जवळ आलेला असतो. बाजारात पाहिजे तेवढा मिळेल, आणि साधा मिळेल."