घट, करंजी आणि टार्गेट प्राइस

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घट मांडतात. शेतात गोल आखून अठरा धान्यं ठेवायची, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि पापड, पुरी, करंजी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे देशाची तिजोरी. रात्री तिकडं कोणी फिरकायचं नाही. पहाटे कोणता दाणा सरकला ते पाहून वर्षाचं भाकीत सांगायचं. अंधश्रद्धा निर्मूलनवाले यावर टीका करतात आणि ते योग्यच करतात. त्यांनी फक्त एकदा दलाल स्ट्रीटच्या घटमांडणीलाही यावं, एवढीच नम्र विनंती.

तिथला घट एक्सेलमध्ये असतो. बड्या टेक कंपनीचा शेअर रास्त भावात आहे की महाग, हे ठरवायचं तर तिच्या हाती वर्षाला उरणारी रोकड घ्यायची. अपेक्षित परताव्याच्या दरातून वाढीचा दर वजा करायचा आणि जे उरेल त्यानं रोकडीला भागायचं. परतावा 12 टक्के आणि वाढ 6 टक्के धरली, तर किंमत रोकडीच्या सुमारे 17 पट. वाढ 8 धरली की 25 पट. 10 धरली की थेट 50 पट! कंपनी तीच, माल तोच, बोट फक्त एका चौकटीत फिरलं. ही वाढ 'कायमची' धरलेली असते बरं का. कायम 10 टक्क्यांनी वाढणारी कंपनी कधीतरी देशाहून मोठी व्हायला हवी, पण तोवर विश्लेषकाची नोकरी बदललेली असते.

भेंडवळची शिस्त याहून कडक. मांडणारा रात्री घरी जातो. एक्सेलवाला घटापाशीच बसून, उत्तर बाजारभावाला चिकटेपर्यंत आपल्याच हातानं दाणे सरकवतो. पुढं शेअर चढला की टार्गेट, म्हणजे आपण वर्तवलेला भाव, चढवायचं, पडला की उतरवायचं. ही युक्ती भेंडवळला सुचती, तर वैशाखातलं भाकीत त्यांनी श्रावणात पाऊस मोजून दुरुस्त केलं असतं.

अशाच एका बड्या टेक कंपनीचं, सिस्कोचं, पाहा: 2000 च्या मार्चमध्ये ती जगातली सर्वांत मोलाची कंपनी होती. 2002 पर्यंत तिचा शेअर 80 टक्क्यांहून जास्त घसरला आणि तो जुना भाव पुढची वीस वर्षं तरी दिसला नाही. करंजी जागेवरच होती म्हणे.

हे सगळं खामगावच्या एखाद्या आडत्याला सांगून पाहा. "पन्नास पट? म्हंजे कमाई हायेच तेवढी राह्यली तं पैसा फिटाले पन्नास वर्सं? मंग नातवाच्याच नावानं घ्या ना भाऊ!"

अमळनेरात नेमकं तेच झालं. 1945 साली तिथं वनस्पती तूप काढायला एक कंपनी निघाली, गावातल्या लोकांनी तिचे शेअर घेतले. 1980 च्या सुमारास ती संगणकाकडं वळली. तीच विप्रो. कागद पेटीत ठेवून विसरलेल्यांची नातवंडं आज कोट्यधीश आहेत. तुपाच्या डब्यात संगणक निघेल, यासाठी चौकट कोणत्या एक्सेलात असणार? अर्थात, ज्यांची तुपाची कंपनी तुपातच बुडाली अशीही गावं असतीलच. त्यांच्या कहाण्या कोणी छापत नाही. अमळनेरचं नशीब एवढंच, की रिसर्च रिपोर्ट तेव्हा तिथवर पोचत नव्हते. नाहीतर तीस टक्के नफ्यावर अख्खं गाव शहाण्यासारखं बाहेर पडलं असतं.