काकू आता प्रवेग काढतात

ऐकलंत का, आमच्या जयपूरच्या मराठी मंडळींना काय झालंय ते? बाहेर बोलू नका, पण इकडे घराघरांत विज्ञान-कादंबऱ्या शिरल्यात. नुसत्या कपाटात पडून राहिल्या असत्या तर आम्ही चकार शब्द काढला नसता. न वाचलेली पुस्तकं कुठल्या चांगल्या घरात नसतात? पण ही माणसं चक्क वाचतात, आणि वाचून गप्पही बसत नाहीत. भिशीची चिठ्ठी काढायची राहते बाजूला आणि मालवीय नगरच्या काकू विचारतात, "त्या ज्यूल व्हर्नच्या तोफेतून चंद्राकडे निघालेली तिघं जिवंत राहिलीच कशी?"

आता या काकू कोण, तर जन्मभर टीव्हीवरच्या मालिका पाहिलेल्या. एकाच सुनेचे दोन-दोन पुनर्जन्म त्यांनी हूं की चूं न करता पचवले. अपघातानंतर नायकाचा चेहरा बदलला, सोबत आवाज बदलला, उंचीसुद्धा बदलली, तेही गोड मानून घेतलं. व्हर्नसाहेबांना मात्र सूट नाही! नातवाला शेजारी बसवून गणित मांडलं. १८६५ सालची कादंबरी, तोफ ९०० फुटांची, म्हणजे साधारण २७५ मीटर. तेवढ्या नळीच्या आत गोळ्याने सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा. नातवाने वेगाचा वर्ग केला, नळीच्या दुप्पट लांबीने भागला आणि प्रवेग निघाला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या २२,००० पटींच्या वर. काकूंनी कप खाली ठेवला. "अहो, तिघांची चटणी झाली असणार! आणि हा गृहस्थ खुशाल लिहितो की ते शुद्धीवर आले आणि न्याहारीला बसले!"

बरं, व्हर्न तरी गरीब बिचारा होता का? छे! १९०१ साली एच. जी. वेल्सने आपली माणसं चंद्रावर धाडली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या 'कॅव्होराइट' नावाच्या कल्पित पदार्थाच्या जोरावर. यावर व्हर्न जाहीरपणे कुरकुरला. आपण खरं भौतिकशास्त्र वापरतो, हा मनाला येईल ते बनवतो, असला पदार्थ असेल तर आणून दाखवा म्हणावं! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, दुसरं काय. आणि वेल्सचा १८९७ चा अदृश्य माणूस? आमच्याकडच्या एका बारावीतल्या पोरीने त्यालाही सोडलं नाही. दृष्टिपटल पारदर्शक झालं तर प्रकाश आरपार जाणार, मग त्याला दिसणार कसं? एवढी ख्यातनाम कादंबरी, आणि नायक पहिल्याच पानावर आंधळा करून ठेवला कार्टीने.

आता मला या वेडाचं मर्म विचाराल तर सांगते. कौटुंबिक कादंबरीत 'नायिकेने नवऱ्याला सोडायला नको होतं' असं तुम्ही म्हणालात, की ते तुमचं मत झालं. शेजारीण उलट मत देणार, चहा निवणार, मिटलं. विज्ञान-कादंबरीत लेखक कागद-पेन्सिलीने रंगेहाथ पकडता येतो. नोबेल मिळालेला असो की लाखो प्रती खपलेला असो, मालवीय नगरात बसून त्याचा कान धरता येतो. हे सुख सुटतं का कुणाला?

अमेरिकेतली थेरं ऐकलीत तर आमची मंडळी सोज्वळ वाटतील. लॅरी निव्हनने १९७० साली 'रिंगवर्ल्ड' लिहिली. एका ताऱ्याभोवती प्रचंड कडं आणि त्या कड्याच्या आतल्या अंगावर राहणारी वस्ती. पहिल्या आवृत्तीत त्याने नायकाचा वाढदिवस लांबवण्यासाठी त्याला पृथ्वीभोवती पळवला, तोही उलट्या दिशेने! पूर्वेकडे गेलं तर दिवस संपतो लवकर, हे त्याच्या लक्षातच नाही. वाचकांनी ते पकडलं. त्यावर कडी म्हणजे १९७१ च्या बॉस्टनच्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीची पोरं हॉटेलच्या बोळांतून घोषणा देत फिरली की रिंगवर्ल्ड अस्थिर आहे! कडं जरा ढळलं की सावरायचं नाही, सरकत सरकत ताऱ्यावर आदळणार. मोर्चे निघतात ते पाण्यासाठी, पगारासाठी. कादंबरीतल्या कड्यासाठी घोषणा? आणि निव्हनने काय करावं? पुढची कादंबरी लिहून त्या कड्याला जागेवर ठेवणारी इंजिनं बसवून दिली. घर विकल्यावर गळक्या छताची तक्रार आली म्हणून बिल्डर धावत आल्याचं ऐकलंय कधी?

आपल्याकडचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं, तर नाव घ्यायला जीभ रेटत नाही, पण घेते. जयंत नारळीकर. केंब्रिज गाजवून आलेला, १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेला माणूस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर साठच्या दशकात आमच्याच राजस्थानच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष, कचेरी अजमेरला. म्हणजे घराणं किती अब्रूदार बघा. आणि चिरंजीवांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या खोट्या नावाने! आपलीच आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखीचं, म्हणून कथा बायकोकडून लिहून घेतली. पकडले गेले कसे? तर पहिलं बक्षीस मिळालं. मग 'प्रेषित' काय, 'वामन परत न आला' काय, सुटलेच. शेवटी साहित्यिकांनी त्यांना २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद देऊन टाकलं.

बापूनगरचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना हे वेड मान्य नाही. "विज्ञान-कादंबरीत माणसं नसतात, माहिती असते," असं ते दर बैठकीत एकदा म्हणतात आणि मग चिवड्याकडे वळतात. खोटं नाही अगदीच. आपल्याकडच्या कितीतरी विज्ञानकथांत एक शास्त्रज्ञ असतो, त्याचा एक भाबडा मित्र असतो, आणि मित्राने "म्हणजे काय रे?" विचारलं की चार पानं व्याख्यान. मला स्वतःला तो मित्र नेहमी विकतचा वाटतो. पण सरांनी 'प्रेषित' दोनदा नेली आणि अजून परत केली नाही, ते कशाचं लक्षण मानायचं?

बरं, जयपूरला येऊन कालयात्रेवर वाद घालणाऱ्यांना काही म्हणायची सोय नाही, कारण काळाचं यंत्रच इथे फुकट... नाही, तिकीट काढून उपलब्ध आहे. जंतरमंतरचं सम्राट यंत्र, २७ मीटर उंच दगडी सूर्यघड्याळ. जानेवारीत ते तुमच्या मनगटावरच्या घड्याळाच्या जवळजवळ चाळीस मिनिटं मागे असतं. जयपूर प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला पडलं, शिवाय त्या दिवसांत सूर्यही जरा उशिराच माथ्यावर येतो. पुण्याहून आलेल्या एका भाच्याने थेट जाहीर केलं की सवाई जयसिंहांचं घड्याळ बिघडलंय. काकूंनी त्याला तिथेच, उन्हात उभं करून शिकवलं.

पण खरा भडका उडाला संक्रांतीला, आणि तो मात्र साधा नव्हता. गच्चीवर आमचं हळदीकुंकू, चहूकडून 'वो काटा'ची आरोळी, भोंग्यांवर गाणी, ताटात तिळगुळाशेजारी इथली फिणी. कुणाच्या तरी मुलाने अकरावीचं इंग्रजीचं 'हॉर्नबिल' आणलं होतं. त्यात नारळीकरांची गंगाधरपंतांची गोष्ट आहे. हा इतिहासाचा प्राध्यापक अशा एका जगात जाऊन पडतो जिथे पानिपतात विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली, आणि मराठे जिंकले. १४ जानेवारी १७६१ चं पानिपत, तारीखही तीच! मानसरोवरच्या वहिनींचा ऊर भरून आला. एक गोळी चुकली असती तर काय झालं असतं, यावर त्या बोलायला लागल्या त्या थांबेनात.

शेजारच्या राठौड भाभीसा हळदीकुंकवाला आल्या होत्या. वाण हातात घेऊन शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "गोली पानीपत में क्यों ढूँढती हो, बाईसा? दस साल पीछे जाओ." मग त्यांनी सांगितलं. जयपूरचे राजे सवाई ईश्वरीसिंह यांनी १७४९ मध्ये त्रिपोलियाजवळ ईसरलाट हा सात मजली मनोरा उभारला. पण वसुलीसाठी मल्हारराव होळकर चालून आले तेव्हा, डिसेंबर १७५० मध्ये, ईश्वरीसिंहांनी विष घेतलं. जानेवारीत शहर खवळलं आणि जयपुरात हजारो मराठे मारले गेले. पानिपतावर भाऊसाहेबांच्या मदतीला राजपूत गेले नाहीत, ते का जातील? "तुमच्या लेखकाने गोळी वळवली. मी असते तर विषाचा पेला सांडला असता. ईश्वरीसिंह जगतात, होळकर थोडी सवड देतात, आणि पानिपतावर जयपूरच्या कछवाह्यांची फौज तुमच्या बाजूला उभी राहते. विश्वासरावांना लागायची तर लागू दे ना मग गोळी!"

गच्चीवर कुणाला बोलता येईना. शत्रुपक्षाच्या बाईने आमच्याच लेखकाच्या कथानकातली फट दाखवावी, आणि तीही कुंकू लावून घेताना! हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीशी वाद घालू नये ही आपली रीत. वहिनींनी घातला. वसुली हक्काचीच होती म्हणाल्या, बाकी थकली होती म्हणाल्या. भाभीसा म्हणाल्या, कागद दाखवा. तेव्हापासून दोघी रोज रात्री एकमेकींना मोबाइलवर जुन्या पुस्तकांची पानं पाठवताहेत. नवरे बिचारे दिवा मालवा म्हणून थकले. आणि मालवीय नगरच्या काकूंचा निरोप आलाय की होळकरांची मूळ रक्कम आणि व्याजाचा दर तेवढा कळवा, आजतागायतचा हिशेब त्या नातवाला घेऊन रविवारपर्यंत करून देतील.