वडील मंडळी

'प्रेस्बिटेरियन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो हिंगोलीच्या बसस्थानकासमोर, चहाच्या टपरीवर. शेजारी बसलेले निवृत्त गुरुजी मूळचे जालन्याकडचे. "आमची मंडळी मूळ त्या पंथाची," ते म्हणाले. मला आधी ते औषधाचं नाव वाटलं, जेवणानंतर दोन वेळा घ्यायचं. गुरुजी हसले. "अहो, ग्रीक शब्द आहे. अर्थ एवढाच, वडील. आमच्या मराठी बायबलातही वडीलच. वर बिशप नाही. मंडळीनं निवडलेले वडील आणि पाळक एकत्र बसतात आणि कारभार ठरवतात."

हात्तिच्या! मग आम्ही हिंगोलीकर पिढ्यानपिढ्या प्रेस्बिटेरियनच की. आमच्याकडे पारावर वडील माणसं बसल्याशिवाय सोयरीक जुळत नाही आणि बांधाचा तंटा मिटत नाही. बसल्यावरही मिटतोच असं नाही, हा भाग वेगळा.

पण या पंथाची मराठवाड्यातली कथा सुरू होते ती वडिलांचं न ऐकण्यापासून. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणानं १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. मागोमाग धाकटा भाऊ श्रीपतीही मिशनऱ्यांकडे राहू लागला. तो अल्पवयीन म्हणून वडील कोर्टात गेले आणि पोराला परत मिळवलं. आता त्याला ज्ञातीत घ्यायचं की नाही? यावर शास्त्रीमंडळी अशी जुंपली की विचारू नका. घ्यावं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. मराठीतला पहिला वृत्तपत्रकार एका पोराच्या प्रायश्चित्तासाठी भांडतोय, हे चित्र मला फार आवडतं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात तिकडे स्कॉटलंडातही भावकी फुटली. गावच्या पाळकाची नेमणूक जमीनदारानं करायची की मंडळीनं, हा वाद. एडिनबरोच्या सभेतून पाळक उठून बाहेर पडले, चारशेंवर पाळकांनी जुनं चर्च सोडलं आणि 'फ्री चर्च' निघालं. मुंबईचे मिशनरी या धाकट्या पातीबरोबर गेले आणि वाटणीत इमारती थोरल्यांकडे राहिल्या. आमच्याकडेही वाडा थोरल्यालाच जातो. धाकट्याच्या वाट्याला तत्त्व येतं.

शेषाद्री पुढे पाळक झाले आणि जालन्यात आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ चक्क गाव वसवलं: बेथेल, म्हणजे देवाचं घर. बायबलात याकोब तिथं उशाला दगड घेऊन झोपला होता. मराठवाड्यात त्या सोयीची वाण नव्हती. गावात आले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे, मांग-महार घरांतले लोक. ज्यांना कुठल्या पारावर टेकायची सोय नव्हती, त्यांच्यासाठी 'वडील' हे पद काय असेल! आणि ते आणणारा माणूस स्वतः वडिलांच्या घराला पारखा झालेला. मी चहा तसाच धरून बसलो.

हा गृहस्थ १८७३ साली थेट न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेला गेला. हिंगोलीहून औंढा, जिंतूर, मंठा करत जालना गाठताना माझी कंबर धरते, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक. १८९१ साली प्रवासात, बोटीवरच त्यांचा अंत झाला.

जालन्यात आणि आमच्या हिंगोलीत लष्कराच्या छावण्या होत्या. त्या दोन्ही १९०३ साली उठल्या. फौजा गेल्या, मंडळी राहिली. स्कॉटलंडातली थोरली आणि धाकटी पाती १९२९ साली एक झाली. इकडे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरा मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय., उभी राहिली. त्यात बिशपही आले.

"म्हणजे तुमच्या वडिलांचं राज्य संपलं?" मी विचारलं.

"छे! बिशपसाहेब वर्षातून एखाद्या वेळी येतात. सतरंजी मात्र पंचांनाच घ्यायची असते."

"कसली सतरंजी?"

"उपासनेला. जुनी विरली. तीन बैठका झाल्या. एकाला निळी हवी, एकाला लाल, आणि तिसरे म्हणतात आधी गळतं छप्पर बघा." गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि कप खाली ठेवला. "चौथी आज आहे. सलाम, येतो."