सोवळेबुवा

मावसभावाकडे अमेरिकेत फ्रीमाँटला पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मिठी तर मारली नाहीच, हातही पुढे केला नाही. दारातच अडवून विचारलं, "दादा, गेल्या महिन्याभरात कुठल्या सापाला हात लावलायस?"

मी जन्मभर बँकेत कारकुनी केलेला माणूस. म्हटलं, "रीजनल मॅनेजरशी शेकहँड केलाय, चालेल का?" तो हसला नाही. चपला बाहेर काढायला लावल्या आणि मोरीचा रस्ता दाखवला.

मावशी त्याला सोवळेबुवा म्हणते. त्याच्याकडे तीन बॉल पायथन आणि दोन बोआ आहेत. अजगर एका खोलीत, बोआ दुसरीत. दुसरी खोली म्हणजे मूळची पाहुण्यांची; त्यामुळे मी तीन आठवडे हॉलमधल्या सोफ्यावर काढले. तक्रार केली तर म्हणाला, "बोआ दिसायला ठणठणीत असतो रे, आणि आतून आयबीडी नावाचा रोग घेऊन वर्षानुवर्षं हिंडतो. अजगराला तेच लागलं की मान वाकडी होते, आढ्याकडे टक लावून बसतो, उताणा पडला तर सुलटं होता येत नाही. मग खेळ आटोपलाच." आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य, "लक्षण नाही म्हणजे रोग नाही, असं नसतं!"

हे वाक्य तो दिवसातून चारदा म्हणतो. फक्त स्वतःच्या बाबतीत नाही. तीन आठवडे खोकत होता. डॉक्टरकडे जा म्हटलं की, "ॲलर्जी आहे." मावशी चिडली तर वर शहाणपण, "माणसाला खोकता तरी येतं, आई. सापाला तेवढीही सोय नाही. छातीत चिकटा साचला की साचला."

त्याच्या वहीत प्रत्येक सापाचं दर आठवड्याचं वजन आहे, ग्रॅममध्ये. लाडू नावाच्या अजगराने एकदा उंदीर गिळल्यावर तोंड वासलं. झालं! रात्री अकराला निडोव्हायरसवर व्याख्यान सुरू. हा विषाणू अजगरांत २०१४ साली सापडला, श्वासनलिका धरतो, वगैरे. लाडू नुसती जांभई देत होता. जेवण झाल्यावर जबडा जागेवर बसवायला साप तसं करतातच, हेही त्यानेच मला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

इतिहास मात्र सांगावा तर त्यानेच. आयबीडी सत्तरच्या दशकापासून माहीत; पेशींत प्रथिनांचे गोळे दिसायचे, पण ते कोण करतंय ते कळेना. मग एका बोआच्या मालकिणीने सॅन फ्रान्सिस्कोतल्या जोसेफ डेरिसी या शास्त्रज्ञाला पत्र घातलं, आणि २०१२ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेने चोर पकडला. अरेनाव्हायरस! तोवर हा फक्त सस्तन प्राण्यांत माहीत होता. पुढे तर एकेका बोआत अनेक अरेनाव्हायरस एकत्र नांदताना सापडले. मी म्हटलं, "म्हणजे पुण्याच्या वाड्यातले भाडेकरू." "तसंच," तो गंभीरपणे म्हणाला, "आणि एकालाही काढता येत नाही. औषध नाही, लस नाही."

मला लागेल का, हे मी भीत भीत विचारलं. माणसाला हा लागल्याचं अजून कुठे आढळलेलं नाही म्हणे. काळजी तुझी नाही, तू काय घेऊन येशील त्याची आहे!

खरी गंमत मावशीची. तिने आयुष्यात सापाकडे धड पाहिलेलं नाही, पण या घराचे नियम तिला पहिल्याच दिवशी कळले. जुन्या निरोगी सापांचं आधी करायचं, नव्याचं सगळ्यात शेवटी. नव्याचा चिमटा वेगळा, पाण्याचं भांडं वेगळं, त्या खोलीतला सदरा दुसऱ्या खोलीत न्यायचा नाही. सापांच्या प्रदर्शनाला तो हात खिशात घालून जातो आणि परत आला की, स्मशानातून आल्यासारखा, कशालाही न शिवता थेट आंघोळीला. "आमच्या सासूबाईंचं सोवळं ते हेच," मावशी म्हणाली. "मी त्याला कंटाळून वेगळं बिऱ्हाड केलं होतं."

त्याचा मोठा वैरी म्हणजे माइट, गोचिडीची धाकटी बहीण. सापाच्या खवल्यांखाली दडणारी, जेमतेम मिलिमीटरभर, काळी. तीच विषाणू या सापाचा त्या सापाला पोचवते असा दाट संशय आहे. एकदा आमटीच्या फोडणीतली मोहरी उडून त्याच्या बाहीवर बसली. त्याने सदरा जागच्या जागी उतरवला, पिशवीत कोंबला, भिंग आणलं. आमटी निवली. मोहरी आहे हे सिद्ध झाल्यावरही सदरा गरम पाण्यात गेलाच.

परवा त्याचा फोन आला. खोकला तसाच होता. नवा बोआ आणलाय; नव्वद दिवस वेगळा ठेवायचा होता. सत्त्याऐंशीव्या दिवशी ओल्या पांढऱ्या कागदावर एक काळा ठिपका मिळाला. या वेळी मोहरी नव्हती. मोजणी पुन्हा एकपासून.

आज चौथा दिवस. फ्रीमाँटला कुणी जाणार असाल तर सोफा मोकळा आहे.