सर्व्हरला हळदकुंकू

आमच्या एका सीए स्नेह्यांचं ऑफिस पेठेत, दुसऱ्या मजल्यावर आहे. लोखंडी जाळीच्या दाराला दोन कुलपं, आतल्या लाकडी दाराला लॅच, जिन्यात कॅमेरा. किल्ल्यांचा एक जुडगा त्यांच्याकडे, दुसरा वहिनींकडे. वीस वर्षं नोकरीत असलेल्या शिपायालाही ते किल्ली देत नाहीत. अशिलांचे पॅन, आधार, बँकेची खाती असा सगळा ऐवज ज्या सर्व्हरवर आहे, त्याचं दार मात्र साऱ्या जगाला वाजवता येतं.

सर्व्हर म्हणजे टेबलाखाली पाण्याच्या जारला टेकून ठेवलेली काळी पेटी. तिच्यावर चिकटवलेला कागद : 'बंद करू नये'. कपाळी गेल्या खंडेनवमीचं हळदकुंकू. सुरक्षेचा बंदोबस्त इथे संपतो.

याची सुरुवात २०२० च्या मार्चमधली. टाळेबंदी लागली आणि टॅली घरून हवं झालं. कॉम्प्युटरवाल्या मुलाला फोन गेला. त्यानं दहा मिनिटांत राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून दिला : नंबर ३३८९. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप याच दारातून बोलतो. अडचणीच्या वेळी ते ठीकच झालं म्हणू. पुढे टाळेबंदी उठली, मास्क गेले, सॅनिटायझरच्या बाटल्या अडगळीत गेल्या. ३३८९ तेवढा राहिला.

परवा चहाला गेलो तेव्हा त्यांना म्हटलं, जरा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. सिक्युरिटीच्या नोंदींत ४६२५, ४६२५, ४६२५ अशी रांगच्या रांग. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. दर काही सेकंदांनी कुणीतरी दार ढकलून पाहत होतं. कधी 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून, कधी 'टेस्ट' म्हणून, कधी 'रिसेप्शन' म्हणून. स्नेही चष्मा वर करून म्हणाले, "पण आपल्याकडे रिसेप्शन कुठंय?"

मग ते ठरलेलं वाक्य आलं : "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?"

साहेब, या चोराला तुमचा माल चोरबाजारात न्यायची गरजच नसते. तो तुमच्याच फायलींना स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली तुम्हालाच विकतो. तुमच्या डेटाला जगात एकच गिऱ्हाईक पुरतं, आणि ते तुम्ही आहात. त्यातून वीस तारीख तोंडावर आणि जीएसटीचं रिटर्न भरायचं राहिलेलं असेल, तर भाव तोच ठरवणार. शिवाय त्यानं तुम्हाला निवडलेलंही नसतं. इंटरनेटला जोडलेली यंत्रं धुंडाळणारं शोदान नावाचं शोधयंत्र २००९ पासून चालू आहे. कुठलं दार उघडं आहे, हे विचारायला चोराला पेठेत यावं लागत नाही.

कॉम्प्युटरवाल्या मुलाचा उपाय तयार होता : "सर, पोर्टचा नंबर बदलून देतो." म्हणजे दार सताड उघडं ठेवायचं आणि घराचा नंबर तेवढा बदलायचा. पासवर्ड अवघड ठेवा, हा सल्ला खरा, पण अपुरा. २०१९ च्या मे महिन्यात 'ब्लूकीप' नावाचं भोक सापडलं. त्यातून जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवायच घुसता येत होतं. मायक्रोसॉफ्टला तेव्हा २०१४ मध्ये निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही डागडुजी पाठवावी लागली. तेव्हा कडी मजबूत आहे का, हा प्रश्न नंतरचा. हे दार रस्त्यावर उघडतंच कशाला, हा पहिला.

उपाय जुनाच आहे, व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची कुलूपबंद खाजगी वाट. पूर्वी तो लावायचा म्हणजे डोकेदुखी असे. आता 'वायरगार्ड' मार्च २०२० पासून थेट लिनक्सच्या गाभ्यात आहे, विंडोजवर आणि मोबाइलवरही चालतं, आणि फुकट आहे. प्रत्येक लॅपटॉपला, प्रत्येक फोनला आपापली किल्ली. किल्ली नसलेल्यानं दार वाजवलं तर हे आतून 'कोण आहे?' एवढंही विचारत नाही, गप्प बसतं. रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत, ऑफिसच्या चार भिंतींत. तुमचा ब्रॉडबँडवाला स्वतंत्र पब्लिक आयपी देत नसेल, तर त्याच पायावर उभं असलेलं टेलस्केल आहे. त्याला राउटरमध्ये दार पाडावंच लागत नाही.

पण व्हीपीएन लावलं म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असंही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतली कोलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पडली, ती व्हीपीएनच्याच एका खात्यामुळे. खातं वापरात नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि पासवर्डनंतर ओटीपीसारखा दुसरा पहारा नव्हता. खंडणी ४४ लाख डॉलर. स्नेह्यांना विचारलं, आर्टिकलशिप संपवून गेलेल्या मुलांची लॉगिनं बंद केलीत? ते म्हणाले, "चांगली मुलं होती हो."

मुलं चांगलीच असतील. त्यांचा पासवर्ड कुठे कुठे फिरलाय, हे त्यांनाही ठाऊक नसेल.

"बॅकअप तरी आहे ना?"

"आहे की! त्याच पेटीत, डी ड्राइव्हवर."

तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यायचा आणि घेतल्यावर तिची वायर काढून कपाटात ठेवायची. कुलूप घालणारा जोडलेलीच डिस्क गाठतो, कपाटातली नाही. एवढं होऊनही घात झालाच, तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे तिला सहा तासांत कळवायचं असतं. आमच्याकडे सहा तास 'आधी कुणी हात लावला?' यातच जातात.

स्नेह्यांनी शेवटी खर्च विचारला. म्हटलं, सॉफ्टवेअर फुकट, कॉम्प्युटरवाल्या मुलाची एक दुपार. ते म्हणाले, "मग ऑडिटचा सीझन संपला की बघू." आलेल्या नोटिशीला मुदत मागायची सवय, इथे मुदत द्यायला समोर आयकर अधिकारी नाही.

वाचकहो, तुम्ही तरी सीझन संपायची वाट पाहू नका. आज संध्याकाळी ऑफिस बंद करण्याआधी राउटरचं पान उघडा. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत ३३८९ दिसला, किंवा तोच वेगळ्या नंबरानं दडलेला दिसला, तर आधी काढून टाका. घरून काम एक दिवस अडेल, अडू द्या. मग जाळीला ती दोन कुलपं लावा.