आबांची टायरखरेदी

पिरंगुट ते पौड रस्त्यावर टायरचं एकही दुकान असं नाही, जिथे आबांनी चहा घेतलेला नाही. आणि एकही असं नाही, जिथे त्यांनी टायर घेतलेला आहे. दारात पांढरी पिकअप उभी राहिली, की दुकानातला पोऱ्या आधी चहा सांगतो आणि मग मालकाला हाक मारतो. आबा खुर्चीवर बसत नाहीत. टायरपाशी उकिडवे बसतात, अंगठ्याचं नख नक्षीच्या खाचेत घालतात, कडेवरचे आकडे पुटपुटत वाचतात आणि विचारतात, "शेठ, हा कितव्या आठवड्यातला?"

टायरवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. 2322 म्हणजे 2022 सालचा तेविसावा आठवडा. हे कळल्यापासून जन्मतारीख पाहिल्याशिवाय आबा भावाचं बोलत नाहीत. थोरलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी झाली नव्हती, असं काकू म्हणतात.

हा नमुना मुळशीत गावागणिक एक तरी सापडतो. वय साठीच्या अलीकडे, जमीन थोडी विकलेली, थोडी राखलेली, राखलेल्या खाचरांत इंद्रायणी आणि दारात पिकअप. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या थार ताम्हिणीकडे निघतात, तेव्हा त्यांचे जाड दातेरी टायर डांबरावर घुमत जातात. त्या आवाजानं आबांचा घात केला. आपल्यालाही तसलेच हवेत, फक्त निम्म्या पैशांत. याच थार दुपारी कुणाच्या तरी खाचरात रुततात आणि ट्रॅक्टर लावून ओढून काढाव्या लागतात, हा भाग आबा सांगत नाहीत.

गाडी मात्र उचलायची नाही. थारवाली पोरं लिफ्ट किट बसवतात, ते आबांना साफ नामंजूर. "फाळका दोन इंच वर गेला, की दर पोतं दोन इंच जास्त उचलायचं. उचलणार कोण, कंपनी?" या वाक्यापुढे बोलायला काही उरत नाही. शिवाय गाडी मालवाहतुकीची. तिला पासिंगला उभं राहायचं असतं आणि तिथे ताम्हिणीच्या निसर्गाचं वर्णन करून भागत नाही.

मग उरलं गणित. आबांच्या टायरवर छापलंय 215/75 आर 15. डेअरीच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी हिशोब मांडला. रुंदी 215 मिलिमीटर, तिच्या 75 टक्के उंची, ती वरून आणि खालून अशी दोनदा, मध्ये 15 इंची रिम, झाले 703. तेच 235/75 घेतला तर 733. तीस मिलिमीटर फुकटात! दोन दिवस आबा खुशीत होते. तिसऱ्या दिवशी पंक्चरवाल्यानं सांगितलं, की वाढ चाकाच्या वरही होते आणि खालीही, गाडी उचलली जाते ती निम्मीच.

"पंधरा म्हंजे किती?"

पंक्चरवाल्यानं करंगळी आडवी धरली. तेवढ्या करंगळीसाठी स्टेअरिंग पुरतं वळवलं की चाक खरडणार, हौदा भरला आणि खड्डा आला की मडगार्डला घासणार, आणि काटा साठावर असताना गाडी बासष्टच्या पुढे गेलेली असणार. आबांनी हिशोबाखाली "मापाचेच घेणे" असं लिहिलं आणि दोन रेघा ओढल्या.

माप ठरलं, जात ठरेना. एमटी म्हणजे चिखलाचा टायर: मोठे ठोकळे, रुंद खाचा, फिरता फिरता चिखल झाडून टाकणारा. डांबरावर तो आवाज करतो, लवकर झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर गाडी थांबायला जास्त जागा घेते. एटी दोन्हीकडचा, चिखलात बरा, डांबरावरही बरा. आता आबांचा रस्ता कोणता? घर, पौड, चांदणी चौक, मार्केट यार्ड. चिखल म्हणाल तर सडकेपासून खाचरापर्यंतची वाट, तीही जून ते सप्टेंबर. पण बोलताना ही वाट लांबत जाते. चहा संपेस्तोवर ती ताम्हिणी ओलांडून माणगावात उतरलेली असते.

कंपन्यांनाही गिऱ्हाईक पक्कं ठाऊक आहे. सिएटचा झार, जेकेचा रेंजर, एमआरएफचा वाँडरर. पोती घेऊन मार्केट यार्डला निघालेल्या माणसाला मनातून काय व्हायचं असतं, ते या नावांत आहे. स्वस्तात म्हणून एकानं रिमोल्ड दाखवले, दुसऱ्यानं थारचे काढलेले. आबांनी दोन्ही परत केले, कारण आकडा जुळला तरी दीड टन भाताला हा टायर पुरेल का, हे कडेवरचा वजनाचा आकडा सांगतो, आणि तो आबांनी आधीच वाचलेला असतो. भावाच्या घासाघिशीबद्दल काय सांगावं! 1921 मध्ये सेनापती बापटांच्या मागे उभा राहून टाटांच्या धरणाला नको म्हणणारा हा तालुका. धरण झालंच, पण नको म्हणायची सवय गेली नाही.

मध्ये जुलै आला. आवणीचे दिवस, गोटा झालेले टायर आणि रिकामी पिकअप, वाटेतच रुतली. आबा खाली उतरून जमलेल्या पोरांना एमटी आणि एटीतला फरक समजावू लागले. काकू रोपांची मूठ टाकून बांधावरून आल्या. "आवं, जोर मागच्या चाकाला आन् हौदा मोकळा, ती जागीच फिरणार न्हाय तर काय?" त्यांनी पोरांकडून खताची पोती मागच्या चाकांवर येतील अशी रचून घेतली, मागच्या दोन्ही टायरांची थोडी थोडी हवा सोडायला लावली. टायर चपटा झाला, जमिनीवर जास्त टेकला. पहिल्या गिअरला पिकअप डुलत बाहेर आली. सगळे खूश, एकटे आबा नाराज. गोट्या टायरांवर गाडी निघाली, ही बातमी पौडपर्यंत गेली तर दुकानांत कोणत्या तोंडानं जायचं?

भात विकल्यावर मात्र त्यांनी टायर घेतले. एटी, मापाचे, वजनाला पुरणारे, कोऱ्या आठवड्यातले. पाऊस कधीच संपला होता, वाट वाळून टणक झाली होती. काकूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"दोनच?"

"मागचे."

"आन् पुढचे?"

"पुढच्यांना काय काम हाय? ती नुसती वळत्यात."