बंबाधीश

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत तिजोरीची किल्ली थोरल्याकडे, फडताळाची आईकडे आणि बंबाचा चिमटा अप्पांकडे असतो. अप्पा हे पद आहे. कुठे त्यावर काका असतात, कुठे तात्या. हे पद बहुधा नोकरीतून निवृत्त झाल्यावर मिळतं आणि मग त्यातून मात्र निवृत्ती नसते. स्वयंपाकघरात अप्पांना कोणी विचारत नाही, टीव्हीचा रिमोट नातवाकडे असतो. पण परसात, न्हाणीघराच्या भिंतीलगत, त्यांचा शब्द अखेरचा.

बंब पुण्याच्या तांबट आळीतला, हाताने ठोकलेला, वडिलांच्या वेळचा. अप्पा त्यावर टिचकी मारून नाद ऐकवतात. भोवती पाणी, मधून उभी आरपार नळी, नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राखेला जागा. रचना एवढीच. पण ती समजून घ्यायला पाहुण्याला शेजारी उकिडवं बसावं लागतं आणि ‘कळलं’ म्हटल्याशिवाय उठता येत नाही. घाईघाईत ‘कळलं’ म्हणणाऱ्याला उलटतपासणी असते.

इतर लोक बंब भरतात, अप्पा तो लावतात. आधी कालची राख पूर्ण काढायची. जाळी बुजली की खालून वारा शिरत नाही. मग नळीच्या आतली काजळी खरवडायची, कारण काजळीचा थर विस्तवाची ऊब पाण्यापर्यंत जाऊ देत नाही. त्यानंतर कागद. यासाठी लग्नपत्रिका जपून ठेवलेल्या असतात. साध्या कागदाची पत्रिका लगेच पेट घेते. गुळगुळीत, चकचकीत पत्रिका नुसती काळवंडते आणि ढीगभर राख ठेवते. त्यावरून अप्पा वरपक्षाबद्दल मत बनवतात आणि ते सहसा बदलत नाहीत. कागदावर चार तुराट्या, तुराट्यांवर करवंटीचा तुकडा, आणि ती फुलली की बाभळीच्या बोटभर जाडीच्या ढलप्या. तेही एका वेळी दोन-तीनच. नळी ठासून भरणारा मनुष्य त्यांच्या लेखी उधळ्या.

“वारा खालून येणार, वरून जाणार. त्याला वाट नको का?”

शेजारच्या परसातून पांढरा धूर उठला की अप्पा चिमटा टेकून उभे राहतात. धूर म्हणजे न जळताच निघून गेलेलं जळण, हा त्यांचा सिद्धान्त आणि तो बरोबर आहे. “चालले यांचे पैसे वर,” असं ते शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणतात.

ओल्या लाकडाचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचंच असतं. त्यातलं एक लिटर पाणी वाफ होऊन जायला जेवढी उष्णता खातं, तेवढ्यात अंघोळीची वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पन्नासावर येते. अप्पा हे एका वाक्यात सांगतात : “ओलं लाकूड आधी स्वतः अंघोळ करतं, मग उरलं तर आपल्याला देतं.”

हिशेबाची वही वेगळीच. एका बादलीला सहाशे किलोकॅलरी. एक किलो वाळक्या लाकडात चार हजारांच्या आसपास. म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये बादली व्हायला हवी. प्रत्यक्षात लागतं अर्धा किलो. मग उरलेली ऊब गेली कुठे? थोडी नळीच्या तोंडातून, थोडी बंबाच्या अंगावरून, हे अप्पांना ठाऊक असतं. तरी ते रोखून बघतात घरातल्या त्या माणसाकडे, ज्याने काल पाण्याच्या तोंडावरचं झाकण उघडं ठेवलं होतं. या हिशेबात अप्पांचे सकाळचे दोन तास कुठेच नसतात. ते का धरले नाहीत, असं विचारलं तर म्हणतात, “ते काय विकत आणायचेत?”

त्यांचा खरा शत्रू मुंबईचा पाहुणा. हा भल्या पहाटे उठतो, तोटी सोडतो, बादल्यांवर बादल्या काढतो आणि वरून गार पाणी ओतत नाही. तोटी फुरफुरायला लागली की अप्पा देवपूजा अर्धी टाकून धावतात. तांब्याभोवती पाणी आहे तोवर तांबं शंभर अंशांच्या फारसं पुढे जात नाही. पाणी संपलं की काही मिनिटांत भलतंच तापतं, आणि आतली कल्हई म्हणजे कथील, दोनशे बत्तीस अंशांवर वितळणारं. पाहुण्याला हे टॉवेलवर, थंडीत, साबण डोळ्यांत असताना ऐकावं लागतं.

मध्यंतरी इंजिनिअर मुलाने गच्चीवर सोलर बसवला. फुकट गरम पाणी, धूर नाही, राख नाही. अप्पांनी विरोध केला नाही. गच्चीवर जाऊन काचेच्या नळ्या पाहिल्या, उतार तपासला आणि “सूर्य कामाचा आहे” एवढंच प्रमाणपत्र दिलं. फक्त मे महिन्यात नेहमीप्रमाणे जळण उन्हात पसरलं, जाडीप्रमाणे निवडलं आणि मृगाआधी जिन्याखाली रचून टाकलं. तिथे कुरडयांचे डबे ठेवायचे होते. त्यावरून आईने अबोला धरला, तोही त्यांनी सोसला.

आषाढात आभाळ आठवडाभर भरून राहिलं. सोलरमधून पाणी येत होतं, पण ते नुसतं ओलं होतं. त्यात तारा तुटून वीज गेली, तेव्हा गिझरही संपला. परसात मात्र बंब धूर न काढता चालला होता. इंजिनिअर खांद्यावर टॉवेल टाकून बराच वेळ न्हाणीच्या दाराशी घुटमळला.

“अप्पा, बादलीभर पाणी मिळेल का?”

अप्पांनी नळीत डोकावलं, करवंटीचा एक तुकडा टाकला, काळजीपूर्वक हात झटकले.

“मिळेल की. आधी बादलीभर गार ओत.”